जिना तळपायाले मारते का?

नागपूरच्या सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीण म्हटली की तुम्हाले वाटन, गोड हसणारी असन. कायची हसते!

मी मोडका पाय घेऊन पडलो होतो. शेजारच्या खाटेवर पोलिसांनी कोठडीतला माणूस आणून टाकला.

"जिन्यावरून पडला, असं लिहा मॅडम. नाही तर बदली होईन तुमची," हवालदार म्हणे.

बाई मोजपट्टी घेऊन त्याच्या तळपायावरचा एकेक वळ मोजून लिहून राहिली. मग चष्म्यावरून पाह्यलं, "काहून हवालदारसाहेब, जिना तळपायाले मारते का?"

तोच कागद वाचून कोर्टानं त्या माणसाले सोडलं, अन् हवालदार सस्पेंड झाला! खबर आल्याबरोबर मी हवालदाराची नक्कल केली. अख्खा वॉर्ड हसला, तो माणूसही.

बाई धावत येऊन माझ्यावरच खेकसली, "हसवू नको गा त्याले! बरगड्या तुटल्या आहेत त्याच्या!"