छावणीपलीकडचं कबरस्तान

पिंपरीत औषधांचा कारखाना नवीनच सुरू झाला होता आणि माझे यजमान तिथे कामाला लागले होते, तेव्हाची ही गोष्ट. आम्ही कोकणातून आलेलो. शेजारच्या खोलीत गोव्याच्या एक नर्सबाई राहायच्या. त्यांचे पती लष्करात आचारी होते. ते वारल्यावर त्यांना खडकीच्या बाजूला, छावणीपलीकडच्या जुन्या कॅथलिक कबरस्तानात पुरलं होतं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांच्यात गेलेल्या माणसांचा दिवस असतो. त्या वर्षी बाईंचे गुडघे धरले होते.

"येशील का गं माझ्यासोबत?"

मी गेले. दुपार कलली होती. माळावर वाळलेलं गवत वाऱ्यानं एकसारखं हलत होतं, जणू पिवळं पाणीच. त्यात कबरी अर्ध्या बुडालेल्या. बाई हळूहळू चालत सांगत होत्या. सगळ्यांत आधी इथे आले ते गोरे आयरिश शिपाई. लढाईत फारसे नाहीत, पटकीनंच जास्त गेले. मग त्यांच्या बायका, तान्ही मुलं. पुढे गोव्याचे आचारी, बँडवाले, मद्रासकडचे ख्रिस्ती. मला वाटलं, ही सगळी माणसं गवताखाली कूस बदलत असतील आणि बाईंचा आवाज ऐकत असतील.

पतीच्या कबरीवर मेणबत्ती लावून झाली. मग बाईंनी दुसरी माझ्या हातात दिली आणि कोपऱ्यातल्या एका इवल्या कबरीकडे बोट केलं. अक्षरं पार झिजली होती.

"हिच्याकडे कुणी येत नाही. तू लाव."

"मी? मी तुमच्यातली नाही."

"तुझी मुलगी गेली ना? मग लाव."

माझी लेक पाच महिन्यांची होऊन गेली होती. पुरुष तिला घेऊन गेले, मला उंबऱ्याबाहेर येऊ दिलं नाही. ती कुठे आहे हे मला ठाऊकच नव्हतं. मी पदराचा आडोसा करून मेणबत्ती लावली आणि तिथेच बसून मनसोक्त रडले. सूर्य गवतात उतरेपर्यंत बाई माझ्याशेजारी बसून राहिल्या.

संध्याकाळी चहा देताना यजमानांना सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी कप खाली ठेवला.

"गावच्या वहाळाच्या वरच्या अंगाला, करवंदीच्या जाळीत ठेवलंय तिला," ते म्हणाले. "कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून दगड मीच रचले. तुला सांगायचं धाडस झालं नाही."

दोन वर्षांत तिच्याबद्दल आम्ही पहिल्यांदाच बोलत होतो. मे महिन्यात गावी गेलो, तेव्हा त्यांनी मला तिथे नेलं. दगड जागेवर होते. जाळीला करवंदं लगडली होती. ते थोडे लांब उभे राहिले आणि मी तिला नावानं हाक मारली.