दरवर्षी पुसणाऱ्या पट्ट्या

बातमी आली तेव्हा मी गिरणीत दळण ठेवत होते. भाच्याचा फोन. "मामी, आई गेली..." दळण तिथेच टाकून रिक्षा केली. त्याला आता काही आठवडे झाले, पण तेव्हापासून मी कुठे धड बसलेली नाही. बसलं की उठावंसं वाटतं, उठलं की पाय वन्संच्या गच्चीकडे वळतात. गच्ची गळते. दिवाळीनंतर दुरुस्तीवाले येणार, त्याआधी सगळ्या कुंड्या हलवायच्या. भाचा पुण्याला असतो. त्याने किल्ली आणि आईचा मोबाइल माझ्या हातात दिला. "मामी, कुणाला काय द्यायचं ते तूच बघ."

शालनवन्सं म्हणजे माझ्या थोरल्या नणंद. नर्स होत्या, नोकरी जिल्हाभर फिरली. जिथून बदली व्हायची तिथलं कुणी ना कुणी निघताना एखादी फांदी, एखादा कंद हातावर ठेवायचं. वन्सं ते कुंडीत लावायच्या, तेलाच्या पांढऱ्या कॅनची पट्टी कापून तिच्यावर मार्करने नाव लिहायच्या आणि मातीत खोचायच्या. नाव झाडाचं नव्हे, देणाऱ्याचं. 'सुमन, कबनूर.' 'आक्काताई, शिरोळ.' गुलाब हाय का जास्वंद ते दिसतंय की, असं त्यांचं म्हणणं.

आता मार्कर उन्हात टिकत नाही. दुकानदार 'पक्का' म्हणून देतो तोही वर्षभरात उडतो. त्यापेक्षा साधी शिसपेन्सिल जास्त टिकते, हे सांगून मी दमले. शेवटी मीच कामाला लागले. माझं माहेर हुपरीचं, घरात पैंजणांचं काम, त्यामुळे हातोडी मला नवी नाही. ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या पट्ट्या कापल्या, कडा घासल्या, बोथट खिळ्याने ठिपके ठोकत एकेक नाव उमटवलं. शाईच नाही, तर उडणार काय? जुडगा नेऊन दिला. वन्संनी एक पट्टी उन्हात धरून तिच्यावरून अंगठा फिरवला.

"वैनी, ह्या तर माझ्यामागं बी ऱ्हातील."

"त्यासाठीच केल्यात."

"मग नगंत मला."

"का पण?"

"तुजं सगळं ठोकून पक्कं. मला काय काम ऱ्हायलं मग? चल, च्या घे."

माझ्या पट्ट्या त्यांनी सुतळीला बांधून डाळिंबाच्या झाडावर टांगल्या. पाखरं हाकलायला! मी चिडून चहा न घेता खाली उतरले. दर नवरात्रात त्या पुन्हा स्टुलावर बसून मार्करने नावं गिरवत राहिल्या. हट्टीपणा, दुसरं काय, असं मी धरून चालले होते.

गेल्या आठवड्यात त्यांच्याच मोबाइलवरून एकेकाला कळवायला घेतलं. झाड हवं असेल तर घेऊन जा, असंही सांगायचं होतं. पहिला फोन कबनूरच्या सुमनला. मागे यंत्रमागांचा खडखडाट, आणि ती ओरडून बोलत होती. मी बातमी सांगितली. ती बाहेर आली असावी, कारण आवाज एकदम थांबला.

"तरीच... आवंदा फोन न्हाई. दरसाल असायचा की! 'सुमे, तुजी पट्टी पुसली बघ. बरी हाईस न्हवं?' मग सगळ्या घराचं इचारायच्या."

शिरोळच्या आक्काताईंनी तेच सांगितलं. त्यांचा निशिगंध पुरात गेला होता, ते वन्संना अशाच एका फोनवर कळलं, आणि इथल्या कुंडीतले कंद एसटीने परत शिरोळला गेले. त्यानंतर मी फोन लावत गेले आणि सगळीकडून हेच ऐकत गेले. पट्टी पुसली की फोन. बोलणं झालं की नाव गिरवायचं. मला अजूनही वाटतं की पट्टी पत्र्याचीच बरी; फोन करायला नाव पुसायची वाट कशाला बघायची? पण नाही तर आपण करतो का फोन, हा वेगळा प्रश्न.

सगळ्यांना कळवून झालं. राहिली एक कुंडी. पाण्याच्या टाकीच्या दक्षिणेला, दिवसभर उन्हात. नुसती लिलीची पानं, आणि पट्टी पांढरीफटक. तिरकी धरून पाहिली, मागून टॉर्च मारली, वरून शिसपेन्सिल घासली. एक 'र' असावा, नसावाही. मोबाइलमध्ये शेकड्याने नंबर, त्यातला कुणाचा? सुमनला विचारलं, आक्काताईंना विचारलं, कुणालाच ठाऊक नाही. म्हणजे कुठेतरी एका माणसाला वन्सं गेल्याचं अजून माहीत नाही. चार दिवस मला हे डाचत होतं. स्वयंपाक करताना, भाजी आणताना, डोक्यात तेच. कुंडी घरी आणली, दारातून गॅलरीत नेली, गॅलरीतून परत दारात.

काल दुपारी वन्संचा मोबाइल वाजला. अनोळखी नंबर. म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज, मोठा, गावाकडचा.

"नर्सबाई, रामू बोलतोय, राधानगरीकडनं. नंबर बदललाय आमचा. आवंदा फोन न्हाई तुमचा. नाव पुसलं न्हाई व्हय आमचं?"

मी दारातल्या कुंडीजवळ जाऊन बसले.

"पुसलंय काका, पार पुसलंय," मी म्हणाले. "तुम्ही बरे आहात ना?"

"मी बरा हाय. आवाज बदललाय बाई तुमचा... सर्दी झालीया काय?"

मी त्यांच्या घरच्यांचं विचारलं. सगळ्यांचं. मग वन्संच्या मार्करचं टोपण काढलं, पट्टीवर नाव लिहिलं, आणि वन्सं गेल्याचं त्यांना सांगितलं.