शेवटची ओळ माहेरची

साउंडवाला हात पुढे करून उभा राहतो आणि माझा कार्यक्रम तिथून सुरू होतो. जळगावचं मंगल कार्यालय असो की धुळ्याच्या हायवेवरचं हॉटेल, हात तसाच पुढे येतो. त्याला पेन ड्राइव्ह हवा असतो. मी त्या हातात माझा हात देतो, जोरात हलवतो आणि म्हणतो, "भेटून आनंद झाला."

"तसं नाही हो. ट्रॅक कुठंय?"

"ट्रॅक नाही."

"मग ब्लूटूथवर देता का?"

मग तो माझ्या मागे बघतो. एखादा तबलेवाला, निदान एखादा ढोलकीवाला गाडीतून उतरत असेल. पण माझ्या गाडीतून उतरते एक पेटी, तिचा स्टँड, घुंगरांचा पट्टा आणि एक पोकळ लाकडी खोकं. उजवा हात सुरांवर, डावा भात्यावर, डाव्या पायात घुंगरू, उजवी टाच खोक्यावर आणि तोंड गाण्यासाठी. एवढे अवयव एकाच वेळी कामाला लावलेले माझ्या बायकोने घरात कधी पाहिलेले नाहीत, आणि ती ते बोलूनही दाखवते.

ट्रॅक म्हणजे गाण्याचं सगळं वाजवणं आधीच भरून ठेवलेलं, फक्त गाणाऱ्याची जागा मोकळी. हल्ली एकटा गाणारा म्हटला की तो ट्रॅकवरच गाणार हे लोक धरून चालतात. माझ्या ट्रॅकवाल्या मित्रांच्या मागे व्हायोलिनांचा ताफा वाजतो. माझ्या मागे बहुतेक वेळा कूलर असतो. मी ट्रॅक का घेत नाही यावर मी पूर्वी फार उदात्त बोलायचो. खरं कारण साधं आहे. मला गाता गाता खोड्या काढायला आवडतं. विरहाचं गाणं रंगात आलंय आणि तेवढ्यात दारातून एखादे काका पोट सांभाळत शिरले, की मी लय हळूच त्यांच्या चालीवर आणतो. काका खुर्चीत बसेपर्यंत खोकं त्यांच्या पावलांबरोबर वाजतं. सगळा हॉल हसतो, काकांना वाटतं गाणंच विनोदी आहे. ट्रॅकवर हे करता येत नाही. ट्रॅक कुणाची वाट बघत नाही.

चोपड्याजवळच्या एका गावातून मला फोन आला तोही नेमका यासाठीच, हे मला तिथं गेल्यावर कळलं. फोन करणारे गृहस्थ केळीचे बागायतदार होते आणि त्यांच्या मुलीची हळद होती. "मास्तर," ते म्हणाले, "आमच्याकडे मोठा सेट ठरलेला होता, स्क्रीनसकट. पण आईने हट्ट धरलाय. जो माणूस स्वतः वाजवतो तोच बोलवा म्हणते. सोबत तिचं स्वतःचं गाणं वाजवावं लागेल."

हळदीच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. आई म्हणजे गावाची अक्का. ओट्यावर बसून त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी आधी मला पाहिलं, मग सामान पाहिलं.

"तुना संगे कोनी नही का?"

"एकलाच शे, अक्का."

"मंग बठ्ठं तूच वाजाडस?"

"हो, सगळं मीच."

"नाचस बी का?"

"सांगितलं तर नाचतो."

"नको. नवरीकडे कोन देखी मंग?" असं म्हणून त्यांनी सुपातला खडा माझ्या दिशेनेच टाकला. मग गंभीर झाल्या. "माले एक सांग. तुनं गाणं मधमाच सरी जास का?"

गाणं मधेच संपतं का, असं त्या विचारत होत्या. मी म्हटलं, तुम्ही सांगेपर्यंत संपत नाही. तेव्हा त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि मला त्या घराची रीत समजावून सांगितली.

त्यांच्याकडे हळदीला एक गाणं म्हणतात. त्यात आलेल्या प्रत्येक नातेवाइकाची एक ओळ असते, गावासकट. पारोळ्याच्या मामांची ओळ आली की मामा उठतात, नवरीला हळद लावतात आणि बसतात. मग चोपड्याच्या मावशीची ओळ. ओळ आल्याशिवाय कुणी उठत नाही, आणि कुणाची ओळ राहिली तर ती गोष्ट विसरली जात नाही. जिच्या तोंडी गाणं असतं, तिच्या माहेरची ओळ सगळ्यात शेवटी येते. अक्कांच्या माहेरी आता एकच भावंड उरलं होतं, धाकटा भाऊ. तो धुळ्याला असतो. सगळे त्याला नाना म्हणतात.

गेल्या वर्षी या नानांच्या मुलाची हळद धुळ्याला झाली. तिथं गाण्याला हौसेने ट्रॅक बनवून घेतला होता आणि गायला एक छान मुलगी बोलावली होती. पाहुणे एकेक करून उठत होते. अक्कांनी पदर सारखा केला, आता चोपड्याच्या बहिणीची, म्हणजे आपली, ओळ येणार म्हणून गुडघ्यावर हात टेकला, अर्ध्या उठल्या, आणि ट्रॅक संपला. टाळ्या पडल्या. लगेच सिनेमातलं गाणं सुरू झालं. अक्का अर्ध्या उठलेल्या तशाच खाली बसल्या. नवरदेवाच्या सख्ख्या आत्याला हळद लावता आली नाही. नानांना कुणीतरी सांगितलं, तर ते पाहुण्यांच्या गडबडीत म्हणाले, "ट्रॅक सरना तं मी काय करू?"

अक्का त्यानंतर भावाशी बोलल्या नव्हत्या.

"उद्या नाना येणार आहेत का?" मी विचारलं.

"बलायेल शे," त्या म्हणाल्या. आमंत्रण दिलंय, इतकंच. आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या.

बाहेर पडताना नवरीच्या वडिलांनी मला गोठ्याजवळ गाठलं. "मास्तर, धुळ्याच्या नानामामांची ओळ आई म्हणेल की नाही, आम्हाला कुणालाच माहीत नाही. विचारायची सोय नाही. भर मांडवात नाही म्हटली तर मामा उठून जातील आणि परत या घरात यायचे नाहीत. तुम्ही काहीतरी करा."

"मी पेटी वाजवतो हो, कोर्ट चालवत नाही."

"तरी पण."

दुसऱ्या दिवशी मांडवात मी आधी नाना शोधले. ते सगळ्यात मागे, प्लास्टिकच्या खुर्चीत, टोपी मांडीवर ठेवून बसले होते. जणू परत जायची गाडी सुटायला आलीय. बायकांनी नवरीला पाटावर बसवलं. अक्का तिच्या शेजारी बसल्या, माझ्याकडे बघून मान हलवली, आणि गाणं सुरू झालं.

"पारोयाना मामा उना, हयद लावाले..."

अक्कांचा सूर कुठल्याच पट्टीत बसत नव्हता. काळी दोन आणि काळी तीनच्या मधे कुठेतरी त्यांनी स्वतःची वेगळी पट्टी ठेवली होती. मी आवाज त्यांच्याबरोबर ठेवला आणि पेटी जवळपास ठेवली, शेजाऱ्यासारखी. पारोळ्याचे मामा आले, हळद लावायला. पण मामा जड होते. त्यांना उठायला दोन माणसं लागली आणि बसायला तीन. तेवढा वेळ मी धृपद घोळवत राहिलो. चोपड्याची मावशी हळद लावताना नवरीच्या कानात काहीतरी बोलायला लागली आणि बोलतच राहिली. मी घोळवत राहिलो. भडगावच्या काकूंची ओळ आली तर काकू जागेवर नव्हत्या. "काकू कथा गयी?" कुठे गेल्या काकू, असा मांडवभर ओरडा झाला. काकू चुलीजवळून पुऱ्यांचं पीठ लागलेल्या हातांनी पळत आल्या, त्यांनी त्याच हाताने हळद लावली, आणि नवरीच्या एका गालावर घट्ट कणीक तयार झाली. मला भयंकर मजा येत होती. कूलरजवळ उभ्या साउंडवाल्याला मी डोळा मारला. घे, बसव हे पेन ड्राइव्हमध्ये.

हळूहळू सगळे झाले. जावा, नणंदा, नवरीच्या मैत्रिणी, शेजारचे आबा, सगळ्यांना ओळ मिळाली. अक्कांनी धृपद म्हटलं आणि त्या थांबल्या.

मांडवात प्रत्येकाला ठाऊक होतं की आता एकच ओळ उरलीय. अक्का हळदीच्या वाटीकडे बघत होत्या. मी धृपद पेटीवर एकदा फिरवलं, पुन्हा फिरवलं. नवरीच्या वडिलांनी लांबून मला हात आडवा फिरवून दाखवला, संपवा. त्यांचा हिशेब सरळ होता. आता संपवलं तर गाणं संपलं म्हणता येईल, कुणी कुणाला नाही म्हटलं असं होणार नाही. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. खरं सांगतो, माझ्या मनात दुसराच चावटपणा आला होता. ती ओळ आपणच म्हणून टाकावी आणि मजा बघावी. तोंड उघडायच्या बेतात होतो. पण अक्कांचा हात वाटीच्या काठावर घट्ट धरलेला दिसला आणि मी तोंड मिटलं. ओळ त्यांच्या घरची होती.

मी आधी घुंगरू थांबवले. मग टाच खोक्यावरून उचलली. भाता हलका केला आणि नुसता एक सूर धरून ठेवला. तुम्हाला वाटेल, गोष्टीत जाते तशी आता लाइट गेली असणार. लाइट गेली नाही. लाइट इतकी टिकून होती की कूलरचा पंखासुद्धा गाण्यात सामील होता.

मागे प्लास्टिकची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. नाना उभे राहिले. मला वाटलं, चालले. नवरीच्या वडिलांनाही तेच वाटलं, ते लगबगीने मामांकडे निघाले. नानांनी टोपी डोक्यावर घातली, घसा खाकरला आणि तिथूनच, माझ्या सुराशी काहीही संबंध नसलेल्या आवाजात म्हणाले,

"चोपडानी बहीण उनी, हयद लावाले..."

धुळ्याला राहिलेली ओळ होती ती.

क्षणभर कुणाला काही कळेना. एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "अक्का तं आठेच शे, ती कथाईन उनी?" इथेच बसलेली अक्का आणखी कुठून येणार, ही तिची शंका. तिला तीन-चार जणींनी एकदम गप्प केलं. मी घाईघाईने पेटी नानांच्या सुराकडे नेली. नानांचा सूर म्हणजे उतारावरची बैलगाडी होती, हाती लागेपर्यंत खालीच गेली. पण लागली. टाच पुन्हा खोक्यावर आली. नानांनी ती ओळ पुन्हा म्हटली, मग तिसऱ्यांदा म्हटली, आणि दर वेळी एकेक पाऊल पुढे येत राहिले. त्यांना गाणं पुढचं आठवत नव्हतं, की ओळ एकदाच म्हणायची असते हे आठवत नव्हतं, देव जाणे.

अक्कांनी मान वर केली नाही. वाटी मात्र उचलली. आणि नानांना तोडत, त्यांच्यापेक्षा मोठ्या आवाजात, माझ्या हातून दोन्ही पट्ट्या हिसकावून घेत त्या म्हणाल्या,

"धुयाना भाऊ उना, मान खाले घालीसन,
त्याना तोंडले हयद लावा, दोन्ही हात भरीसन."

ही ओळ रीतीतली नव्हती. त्यांनी जागच्या जागी जोडली होती. मांडवात एकच हशा फुटला. बायका उठल्या, नाना "अरे टोपी, टोपी" म्हणत मागे सरकले, पण भडगावच्या काकूंनी मागची वाट अडवली. नवरीसाठी ठेवलेली हळद नानांच्या कपाळावर, गालांवर, मिशांवर गेली. शेवटचे दोन हात अक्कांचे होते. त्या हळद लावत होत्या आणि बोलत होत्या.

"वरीसभर फोन नही करा."

"तू उचलती का?"

"नही."

"मंग?"

"तरी बी कराले पाहिजे व्हता."

मग नानांनी पिवळ्या हातांनी नातीला हळद लावली आणि बहिणीच्या शेजारी, बायकांच्या ओळीत बसकण मारली. मी तीन थापा मारून गाणं संपवणार, तेवढ्यात नाना म्हणाले, "तू मायनी ओळ म्हनीच नही." त्यांच्या आईच्या नावाची एक ओळ अगदी सुरुवातीला असते म्हणे, ती अक्का विसरल्या होत्या. अक्का म्हणाल्या, अशी ओळ नाहीच. नाना म्हणाले, आहे. "म्हनी दाखाड मंग," अक्कांनी आव्हान दिलं. नानांनी म्हणून दाखवली. अक्कांनी त्यातला एक शब्द सुधारला. नानांनी सुधारलेला शब्द पुन्हा बिघडवला. मी भाता ओढत होतो, खांदा भरून आला होता, आणि हसू आवरत नसल्यामुळे सूर लागत नव्हता, पण त्या दोघांमध्ये ते कुणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं.

नवरीचे वडील वाकून माझ्या कानाशी आले. पुऱ्या गार होत होत्या. "मास्तर, हे अजून किती वेळ चालेल?"

"मला काय विचारता?" मी म्हटलं. "त्यांना विचारा."

त्यांनी त्या दोघांकडे बघितलं, विचारायचं धाडस काही झालं नाही, आणि ते माझ्या शेजारीच खाली बसून टाळ्या वाजवायला लागले.