वनमालाचा शेवटचा नंबर

वनमाला परबला वाटीभर साखर उसनी द्यायला आमच्या सोसायटीत कुणाला आवडत नाही. संध्याकाळच्या आत ती परत करते, आणि वर वाटी काठोकाठ भरून. शेजारधर्मातली सगळी मजाच घालवते बाई. लाइटचं बिल आलं की त्याच दिवशी भरणार, डॉक्टरची फी तपासायच्या आधीच टेबलावर ठेवणार. एकदा भाजीवाल्याकडे पाच रुपये सुटे नव्हते, तर ही भरउन्हात घरी जाऊन पाच रुपये घेऊन परत गेली. भाजीवालासुद्धा वैतागला होता.

मुलुंड पूर्वेला गव्हाणपाड्यात आमची सोळा बिऱ्हाडांची बिल्डिंग आहे. वनमाला पहिल्या मजल्यावर राहते, मी तिच्या समोरच्या दारात. तिचे वडील मालवणकडून येऊन लालबागला गिरणीत लागले. संपाच्या वर्षी वाण्याने उधारी बंद केली, तेव्हा वडील त्या दुकानासमोरून जायचं टाळून लांबून वळसा घालायचे, हे तिने पंधराव्या वर्षी पाहिलं. त्यानंतर कुणाचं काही डोक्यावर ठेवायचं नाही, हे तिच्या अंगातच मुरलं. भांडुपच्या एका लहान कारखान्यात ती तीस वर्षं हिशेब लिहितेय आणि येत्या दिवाळीनंतर रिटायर होईल. तिचा नवरा चंद्रप्रकाश दोन वर्षांपूर्वीच घरी बसला, पेन्शन नावापुरती. मुलगी रुचिरा लग्न होऊन नाशिकला गेली. सोसायटीची खजिनदार कोण, हा प्रश्न आमच्याकडे कधी निवडणुकीला आलाच नाही.

गेल्या वर्षी बिल्डिंगच्या खांबांना तडे दिसले. इंजिनिअर येऊन ठोकून पाहून गेला आणि प्रत्येक घराच्या वाट्याला रिपेअरचे एक लाख साठ हजार आले. लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. वसुलीचं काम खजिनदाराकडे, म्हणजे वनमालाकडे. आता शहाण्या बाईने काय करावं? सगळ्यांचे येऊ द्यावेत, मग आपले भरावेत. हिला ते पटेना. स्वतः भरल्याशिवाय दुसऱ्याच्या दारात कोणत्या तोंडाने जाऊ, म्हणाली. बचत रुचिराच्या लग्नात संपलेली. मग बँकेने कौतुकाने दिलेलं क्रेडिट कार्ड तिने काढलं, मोबाइलवरून सोसायटीच्या खात्यात सगळी रक्कम भरली आणि पहिली पावती स्वतःच्याच नावाने फाडली. बोनस आला की चार-पाच महिन्यांत कार्ड मोकळं करू, असा हिशेब होता. त्या वर्षी कारखान्याने बोनस दिलाच नाही.

तेव्हापासून ती दर महिन्याला कार्डाची किमान रक्कम भरते. ज्यांनी कार्ड वापरलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते: किमान रक्कम म्हणजे बँकेने तुम्हाला थकबाकीदार म्हणू नये यासाठीचं भाडं. व्याज साडेतीन टक्के, वर्षाला नव्हे, महिन्याला. त्यावर पुन्हा टॅक्स. आठ-नऊ हजार भरायचे आणि मूळ रकमेतून जेमतेम दोन-अडीच हजार हलायचे. तेवढ्यात एखादं औषध, एखादा गॅस सिलिंडर कार्डावर घ्यावा लागायचा की रक्कम पुन्हा होती तिथेच.

आणि मार्चमध्ये बँकेचा मेसेज आला की व्याज आता पावणेचार टक्के. वनमालाला वाटलं, चुकून आला असेल. माझी एकही तारीख चुकलेली नाही, म्हणाली. घरून फोन केला तर चंद्रप्रकाश फोन हिसकावून भांडेल, म्हणून तिने माझ्या स्वयंपाकघरात बसून बँकेला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. मॅडम, तुमचं रेकॉर्ड उत्तम आहे, क्रेडिट स्कोअर आठशेच्या वर आहे, असं तिने दोनदा सांगितलं.

"मग माझं व्याज का वाढवलं?" वनमालाने विचारलं.

रेकॉर्डचा त्याच्याशी संबंध नाही, दर सगळ्यांसाठीच बदलले आहेत, असं उत्तर आलं. हप्ते पाडून देता का? हा व्यवहार त्यात बसत नाही. कमी व्याजाचं कर्ज? नोकरीचे थोडेच महिने उरलेत, सॉरी मॅडम. शेवटी वनमालाने, तिच्या जिवावर आलं असताना, काही सवलत मिळेल का असं विचारलं.

"सवलतीची स्कीम आहे, मॅडम, पण ती ज्यांनी पैसे थकवलेत त्यांच्यासाठी आहे. तुम्ही थकवलेले नाहीत."

फोन ठेवायच्या आधी त्या मुलीने आणखी एक सांगितलं. चांगली ग्राहक म्हणून वनमालाची लिमिट वाढवून तीन लाख केली होती. मला इतका संताप आला की मी गॅसवरचं दूध विसरले. वनमालाने उठून गॅस बंद केला, ओटा पुसला आणि हे कुणाला सांगणार नाही, असं माझ्याकडून वदवून घेतलं. चंद्रप्रकाशने ऐकल्यावर तोडगा एका वाक्यात काढला: "एक म्हयनो भरू नको, काय फाशी देतले?" ती त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही.

मग मीच तिला भिशीची आठवण करून दिली. आमच्या बिल्डिंगमधल्या सोळा बायकांची भिशी मी चालवते. दर महिन्याला प्रत्येकीने दहा हजार टाकायचे, आणि जिचा नंबर असेल तिने सगळे उचलायचे, एक लाख साठ हजार. रिपेअरच्या गडबडीत वर्षभर बंद पडलेली भिशी आता पुन्हा सुरू व्हायची होती. आमच्याकडे चिठ्ठ्या टाकत नाहीत, सगळ्या बसून नंबर ठरवतात. ज्यांना नड आहे त्या आधी. आणि शेवटचा नंबर आजवर प्रत्येक भिशीत वनमालाचा, कारण ती कुरकूर करत नाही. पहिला नंबर मिळाला तर तिचं कार्ड एका दिवसात जवळजवळ मोकळं झालं असतं. मग फक्त भिशीचे दहा हजार, आणि त्यावर व्याज नाही. मी तिला म्हटलं, या वेळी तू तोंड उघड. पण ती उघडेल असं मला वाटलं नव्हतं.

शनिवारी दुपारी सगळ्या माझ्याकडे जमल्या. पहिला नंबर कुणाला हवा, असं मी विचारलं आणि वनमालाने शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला. बायका हसल्याच. त्याच वेळी तिसऱ्या मजल्यावरच्या नीलमनेही हात वर केला होता.

"मला रिपेअरचे भरायचेत गं," नीलम वनमालाकडे बघून म्हणाली. "तूच तर परवा दारात येऊन सांगून गेलीस, आता उशीर करू नकोस म्हणून."

खरं होतं. गेले चार महिने वनमाला नीलमच्या दारात हेलपाटे घालत होती. आता काय बोलणार? तरी ती बोलली. मला त्या क्षणी तिचा फार अभिमान वाटला. माझेही रिपेअरचेच आहेत, मी ते कार्डावर भरले, व्याज वाढलंय, मला ते झेपत नाही, असं तिने मान खाली घालून, एका दमात सांगितलं.

कुणी हसलं नाही. चहाचे कप खाली ठेवल्याचे आवाज आले. मग नीलमने विचारलं, आणि त्यात खोच नव्हती, काळजीच होती.

"मग पहिला नंबर उचलल्यावर पुढचे पंधरा हप्ते तू कशातून भरशील?"

"पगारातून. नंतर... बघेन," वनमाला म्हणाली. रिटायरमेंट सगळ्यांना ठाऊक होती.

चौथ्या मजल्यावरची गंधाली, कालची सून, आपल्या शेजारणीला हळूच म्हणाली, "सोसायटीचं चेकबुक काकूंकडेच असतं ना?" हळूच म्हणाली, पण माझ्या हॉलची लांबीच ती केवढी.

मी ताडकन बोलले की हिची आजवर एक तरी तारीख चुकलीय का. सगळ्या वनमालाकडे बघत होत्या, आणि हे बघणं नेहमीचं नव्हतं. आतापर्यंत तिला नड आहे हे कुणाला माहीत नव्हतं, म्हणून पहिला नंबर नव्हता. आता माहीत झालं, म्हणून तर मुळीच मिळणार नव्हता. नडलेल्या बाईच्या हातात सगळ्यांचे पैसे पहिल्याच महिन्यात कोण देईल? तिलाही ते कळलं. लांबून वळसा घालणारे वडील तिने पाहिलेले होते.

वनमाला हसली. इतकी वर्षं तिला ओळखते, ते हसू मी कधी पाहिलेलं नव्हतं.

"काय गं बायांनो, लगेच खरं मानलंत?" ती म्हणाली. "नेहमी मलाच शेवटचा नंबर देता, म्हणून जरा गंमत केली." पर्समधून तिने फोन काढला, बँकेचं पान उघडलं आणि गंधालीच्या हातात दिला. वरच हिरव्या रंगात तिचा स्कोअर होता, आठशे बारा, आणि खाली लिमिट वाढवल्याबद्दल अभिनंदन. किती देणं आहे ते बघायला आणखी एक बटण दाबावं लागतं. ते कुणी दाबलं नाही.

"बाप रे काकू, माझ्या मिस्टरांचा सातशेसुद्धा नाही," गंधाली म्हणाली, आणि हॉलमध्ये सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. मग काय हसणं, काय तिला चिमटे काढणं. नीलमने तर तिच्या पाठीत धपाटा घातला. मी खरं सांगायला तोंड उघडलं, पण वनमालाने माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसले. पहिला नंबर नीलमला गेला. सोळावा वनमालाला.

सगळ्या गेल्यावर मी तिला थांबवलं. माझा नंबर पाचवा होता, तो घे म्हटलं.

"आणि का दिलास असं विचारलं तर काय सांगशील?" ती म्हणाली.

मंगळवारी मी तिच्याकडे बसले होते तेव्हा नीलम आली. भिशीची रक्कम जमली होती, आणि पूर्ण एक लाख साठ हजारांचा सोसायटीच्या नावाचा चेक तिने वनमालाच्या हातात ठेवला. वनमालाने चेक नीट वाचला, पावती लिहिली, सही केली, फाडून दिली. माझा मात्र जीव तुटत होता.

"तुझ्यासारखं जमायला हवं बाई," नीलम निघताना म्हणाली. "डोक्याला ताप नाही कसला."

दार लागल्यावर माझा तोल गेला. चंद्रप्रकाश बरोबर बोलतो, मी म्हटलं, बुडव एक महिना, बँक आपोआप तुझ्या दारात सवलत घेऊन येईल.

वनमाला पावतीपुस्तक कपाटात ठेवत होती. "मी एक तारीख चुकवली आणि बँकेचं माणूस दारात आलं," ती म्हणाली, "तर शनिवारी जे मी गंमत म्हणून सांगितलं, ते सगळ्यांना खरं वाटेल."

कार्डाची तारीख शुक्रवारची होती, अजून तीन दिवस होते. तिने चष्मा लावला, फोन उघडला आणि किमान रक्कम भरून टाकली.