गुंडीचा डोळा आणि मापातली कॉलर

आमच्या गल्लीच्या तोंडाशी शिंपीकाकांचं दुकान आहे. गिऱ्हाइकाने "जरा ढगळ राहू द्या" म्हटलं, की काका टेप गुंडाळत विचारतात, "मग पोतंच का नाही घालत?" अंगाबरोबर बसलेला कपडा हा त्यांचा अभिमान. एरवी माणूस इतका मऊ, की उधारी मागतानाही आधी स्वतःच लाजतो.

त्यांची काळी, गोलमटोल कुत्री गुंडी शिलाई मशीनखालच्या चिंध्यांवर झोपते. एकदा ती शेजारच्या मांजराच्या वाटेला गेली आणि डोळ्यावर ओरखडा घेऊन आली. तो चिघळून जखम झाली. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात रंगाचा थेंब टाकून निळा दिवा धरला, तर बुबुळावर जखमेच्या जागी हिरवा ठिपका चमकला.

"औषधाचे थेंब वेळेवर घाला आणि डोळा अजिबात घासू देऊ नका," त्या म्हणाल्या. "जखम खोल गेली तर डोळा काढावा लागेल."

त्यांनी गळ्यात घालायला प्लास्टिकची रुंद कॉलर दिली. ती घालून गुंडी दारांना आपटे, वाटीत तोंड जाईना. काकांना ते बघवेना. त्यांनी जाड कापड घेतलं, आत शर्टाच्या कॉलरीतलं कडक अस्तर घातलं आणि नाकापर्यंत मोजून अशी सुबक कॉलर शिवली, की काकू म्हणाल्या, "माझ्या ब्लाउजचा गळा कधी इतका नीट बसला नाही!"

"तू कधी मापाला इतकी गप्प बसलीस?" काका म्हणाले.

रोज सकाळी काका तिला खिडकीशी घेत. सुईत दोरा ओवायचा चष्मा लावून बघत. डोळा किती उघडतोय, पाणी येतंय का, पांढुरका डाग केवढा आहे. "टाचणीच्या डोक्याएवढा राहिला," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. शर्ट टाकायला आलेले लोकही आधी डोळ्याची चौकशी करू लागले.

आणि मग डोळा पुन्हा मिटू लागला. निळ्या दिव्याखाली ठिपका आधीपेक्षा मोठा दिसला.

"ही कुठेतरी घासतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"कशी घासेल? कॉलर मापात शिवलीय!"

त्याचा उलगडा काकूंनी केला. गुंडी मान लांबवून, कॉलरीबाहेर आलेलं तोंड मशीनच्या पायावर मजेत घासत होती.

"मापात शिवलीत, तिथंच घोटाळा झाला," काकू म्हणाल्या. "अहो, पोरांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवतात, तसं शिवा की!"

काकांनी जुनी कॉलर उसवली. नवी इतकी ढगळ शिवली, की गुंडीचं नाकसुद्धा आत बुडालं. दुकानात नुसती चेष्टा. "काका, कर्णा आणलात, गाणं कधी लागणार?" काका हसत, पण त्या दिवसांत त्यांनी एका सदऱ्याला दोन्ही डाव्या बाह्या जोडल्या. गुंडीला वाटी मात्र ते स्वतः हाताने धरून भरवत.

हळूहळू पाणी थांबलं. डोळा पूर्ण उघडू लागला. तरी काका डागाचं माप कुणाला सांगेनात. "डॉक्टरीणबाई बघतील," एवढंच म्हणायचे.

तपासणीच्या दिवशी काका, काकू आणि मी, तिघंही दवाखान्यात गेलो. मी गुंडीचे पाय धरले. थेंब पडला, निळा दिवा लागला. हिरवं काहीच नव्हतं.

"त्या कोपऱ्यात नीट बघा हो," घरात कुत्रं नको म्हणून वर्षभर भांडलेल्या काकू पुढे वाकून म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बघितलं. "जखम भरली. फक्त करडी खूण राहिलीय. कदाचित कायमची राहील, पण हिला दिसतंय सगळं."

काकांनी चष्मा पुसून ती खूण कितीतरी वेळ न्याहाळली.

"रफू केल्यावर एवढं दिसायचंच," ते म्हणाले. "तेही जवळून बघणाऱ्यालाच."