अर्जाच्या तीन प्रती

“अर्ज लिहीन, पण ते पाकीट माझ्या टेबलावर ठेवायचं नाही,” मी तिसऱ्यांदा बजावलं. समोरचा नामदेव मेंढपाळ ऐकेना. त्याच्या सोळा वर्षांच्या लेकीनं वर्गातल्या एका पोराला स्वतःचा नको तसा फोटो पाठवला होता, आणि पोरानं तो मित्राला. आता बापानं तोच फोटो दुकानातून कागदावर छापून त्या पाकिटात घालून आणला होता. तीन प्रती! जमीन मोजणीचा अर्ज एकदा प्रती कमी म्हणून परत आलेला. तेव्हापासून गडी शहाणा झालेला.

वडूजच्या कोर्टाबाहेर कडुलिंबाखाली मी तीस वर्षं अर्ज टाइप करते. शाळा चौथीपर्यंत, कायदा इथंच शिकले, वकिलांच्या चुका दुरुस्त करता करता. हे मोबाइलचे किस्से लिंबाच्या मोहोरासारखे नकळत साचतात. दुपारी कीबोर्ड झटकला की बोटांना चिकटतात.

*

एकीच्या मुलाचा फोन अशाच प्रकरणात जप्त झाला. घरात फोन तेवढाच, नवरा मुंबईला. दर तारखेला ती मुद्देमालाच्या कारकुनाला हळूच विचारायची, “त्यांचा फोन आलाता का?” एकदा त्यानं त्या फोनचं सीलबंद पाकीट कानाला लावलं. बराच वेळ ऐकत राहिला.

“अजून न्हाई, वैनी.”

ती समाधानानं गेली!

*

आटपाडीच्या एका आईला वकील समजावत होते, कायदा काटेकोर लावला तर फोटो पाठवणारी तिची पोरगीही अडकू शकते.

“म्हंजी फिर्याद तिचीच आन गुन्हाबी तिचाच? मग सायेब, तुमी कुणाचं वकील?”

वकिलांनी चहा मागवला.

*

नामदेवालाही मी सांगून पाहिलं, लेकीचा फोन पोलीस ठाण्यातल्या मॅडमच्या हातात दे, त्या बघतील. हे कागद आत्ता फाड. पण त्याचं एकच: “आक्का, जोडपत्राबिगर अर्ज घेतंय कोण? एक ठाण्याला, एक कोर्टाला, एक आमाला.”

कोर्टाची जेवणाची सुट्टी. मोहोर गळत होता, ऊन पेंगत होतं. लेक पारावर पाठमोरी बसलेली. ती उठली, सावकाश आली आणि बापाच्या हातातल्या पाकिटावर तिनं हात ठेवला.

“आबा, मी एकालाच पाठवला हुता. तुमी किती जणांस्नी दावणार?”