कैरी की चिकू

मैत्रिणीने बॉनवालीलाही बोलावलंय, हे मला जर्मनीतल्या कील बंदरावर क्रूझसाठी बॅगा देताना कळलं. "तुला आवडेल बघ ती," मैत्रीण म्हणाली. मला नाहीच आवडली.

मी आणि माझी मैत्रीण कायझर्सलाउटर्नला शिकत होतो तेव्हा हॉस्टेलच्या एका खोलीत राहिलो, एकाच कुकरमध्ये वरणभात लावला. मग मी नोकरीसाठी म्युनिकला गेले, ती बॉनला, आणि तिथे तिला ऑफिसात ही बॉनवाली भेटली, मूळची मुंबईची. क्रूझवर पाऊल ठेवल्यापासून दोघी सारख्या "त्या दिवशी आपलं कसं झालं" म्हणून हसत होत्या. तो दिवस कुठला, हे मला कोणी सांगेना. माझा नुसता जळफळाट चालला होता, आणि तो चेहऱ्यावर दिसतही असावा, कारण नवऱ्याने दोनदा विचारलं, "बोट लागतेय का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी वरच्या डेकवर शफलबोर्ड खेळायचं ठरलं. लांब दांड्याने चकती ढकलायची, ती समोरच्या ज्या आकड्याच्या चौकोनात थांबेल तेवढे गुण. चौघं होतो, दोन जोड्या हव्या होत्या.

"आपल्या पद्धतीने भिडू पाडूया," मी म्हणाले. मैत्रीण आणि माझा नवरा कॅप्टन झाले. मी आणि बॉनवालीने बाजूला जाऊन गुपचूप नावं घ्यायची, आणि कॅप्टनने नुसत्या नावावरून भिडू मागायचा. लहानपणी सगळेच असे खेळलेले.

यात माझी आणि मैत्रिणीची एक जुनी चोरी होती. हॉस्टेलच्या प्रत्येक खेळात मी आंबट नाव घ्यायचे आणि ती डोळे मिटून आंबट मागायची. चिंच, आवळा, ताकसुद्धा. कधी कुणाला संशय आला नाही. त्यामुळे मी निर्धास्त होते. बॉनवाली आता माझ्या नवऱ्याच्या वाट्याला जाणार आणि मैत्रीण माझ्या.

लाइफबोटीच्या आडोशाला गेलो. "फळं घेऊ," मी म्हणाले. "कैरी आणि चिकू."

"मग कैरी मी हं," ती म्हणाली.

"का?"

ती लाजून हसली. "असंच गं. आमचं आहे एक."

आमचं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ऑफिस तुझं, बॉन तुझं, त्या दिवशी काय झालं तेही तुझं. पण आंबट माझं होतं.

"कैरी मी," मी म्हणाले. माझा आवाज ऐकून तिने चिकू घेतला.

एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून आम्ही परत आलो, तशी रीतच आहे. "कुणाला हवी कैरी, कुणाला हवा चिकू?"

"कैरी!" नवऱ्याला तोंड उघडू न देता मैत्रीण ओरडली, आणि हात पसरून बॉनवालीकडे धावली.

"कैरी मी आहे," मी म्हणाले.

ती थांबली. "अगं, तू होय?" पसरलेले हात तिने खाली घेतले, आणि मग त्यातल्या एका हाताने माझी पाठ थोपटली.

खेळ आम्हीच जिंकलो. माझी शेवटची चकती दहाच्या चौकोनात अशी बसली की बाकावरच्या जर्मन आजोबांनी टाळ्या वाजवल्या. मैत्रिणीला टाळी द्यायला मी हात वर करून वळले. ती पलीकडे बॉनवालीजवळ उभी होती आणि तिला हळू आवाजात सांगत होती, "पुढच्या डावात आपण."